नामिबियात खडीच्या रस्त्यांवर गाडी चालवताना

नामिबियात स्वतः गाडी चालवायची असेल तर इंजिनापेक्षा टायरची काळजी जास्त घ्यावी लागते. तिथं जाण्याआधी मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मी आणि ताई, दोघीच निघालो होतो. देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकसंख्या जेमतेम 30 लाखांच्या आसपास. सार्वजनिक वाहतुकीवर विसंबून वाळवंट बघता येत नाही, गाडीच घ्यावी लागते. आपल्यासाठी सोय अशी की तिथंही डाव्या बाजूनेच गाडी चालवतात. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच आरटीओकडून काढला. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, पासपोर्टची प्रत जोडायची. परवाना एक वर्ष चालतो. सोबत आपलं मूळ लायसन्स मात्र हवंच, कारण गावांच्या वेशीवर पोलीस थांबवतात आणि दोन्ही बघतात.

राजधानी विंडहुकमध्ये गाडी ताब्यात घ्यायला बराच वेळ लागला, आणि तो वेळ देणं योग्यच होतं. डिझेलवर चालणारी फोर बाय फोर, मागे दोन स्टेपन्या, एक कॉम्प्रेसर, हवेचं मीटर, जॅक आणि एक जाड लाकडी फळी. ही फळी कशाला, असं ताईने विचारलं. गाडी देणाऱ्या माणसाने हसून सांगितलं, "लागेल तेव्हा कळेल." मग त्याने आमच्याकडून एक चाक प्रत्यक्ष काढून घेतलं आणि परत बसवून घेतलं. करार मी ओळ न ओळ वाचला. रात्री गाडी चालवायची नाही. खडीवर 80 च्या वर जायचं नाही, आणि वेगाची नोंद गाडीतलं यंत्र ठेवणार. दुसरं वाहन मध्ये नसताना गाडी उलटली तर विमा मिळणार नाही. हे शेवटचं कलम वाचल्यावर 80 चा आकडा डोक्यात पक्का बसला.

शहरात वेगळीच शिस्त दिसली. काही चौकांत सिग्नल नसतो, चारही बाजूंना थांबण्याची पाटी असते. प्रत्येकाने पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी निघणार. हॉर्न नाही, घुसाघुशी नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली.

रेहोबोथ या गावापर्यंत बी 1 हा उत्तम डांबरी महामार्ग. तिथून पश्चिमेला वळलं की डांबर संपतं. इथेच थांबून आम्ही हवा कमी केली. तिथली मीटरं बार या एककात असतात. डांबरावर 2.2, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण 32 पीएसआय, आणि खडीवर 1.8 च्या आसपास, असं आम्हाला सांगितलं होतं. हवा थोडी कमी असली की टायर दगडावर दबतो, लगेच फाटत नाही आणि पकडही सुधारते.

तरी पहिले काही किलोमीटर मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. रस्त्यावर आडव्या नाल्या पडलेल्या असतात, नालीदार पत्रा अंथरल्यासारख्या. वेगात जाणारं चाक एखाद्या बारीक उंचवट्यावरून उडतं, पुढे आदळतं, तिथली खडी ढकलतं आणि पुन्हा उडतं. शेकडो गाड्यांनी हेच केलं की सगळा रस्ता असा होतो. ग्रेडर फिरवून तो सपाट करतात, पण काही दिवसांत नाल्या परत येतात. धोका खडखडाटाचा नसतो. चाक हवेत असतं तेवढ्या वेळात ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही काम करत नाहीत, धोका त्याचा आहे. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही. समोरून गाडी आली की डावीकडे सरकून आणखी हळू व्हायचं, कारण तिच्या धुरळ्यात पुढचं काहीच दिसत नाही आणि दगड काचेवर उडतात.

श्प्रीट्सहोख्टे घाटाचा उतार फार तीव्र आहे. सर्वांत अवघड टप्प्यांवर फरसबंदी केलेली आहे. मी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय न दाबून ठेवता उतरले. वर कड्यावरून नामिब वाळवंटाचं मैदान जे दिसतं, त्यासाठी थोडा वेळ राखून ठेवाच.

खाली सॉलिटेअर. पंप, बेकरी आणि वाळूत रुतलेल्या जुन्या गाड्यांचे सांगाडे. अ‍ॅपल पायसाठी लोक इथं थांबतात, आम्हीही खाल्ला. टाकी अर्धी भरलेली होती, तरी पूर्ण भरली. पंप दिसला की भरायचं, पुढच्याचा भरवसा धरायचा नाही.

वाळूच्या टेकड्यांमधल्या सॉसुस्व्लेईला जाण्यासाठी राष्ट्रीय उद्यानाचं सेस्रिएम इथलं फाटक सूर्योदयाला उघडतं. आतले 60 किलोमीटर डांबरी आहेत आणि दोन्ही बाजूंना लाल टेकड्या. खरी परीक्षा शेवटच्या 5 किलोमीटरची. ती नुसती खोल वाळू. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी शटल असतं आणि त्यात बसण्यात काही कमीपणा नाही. आम्ही हवा 1.2 बारपर्यंत उतरवली, फोर बाय फोर लावलं आणि निघालो. वाळूत हळू गेलं तर रुततं, ब्रेक मारला तरी रुततं. एकसारखा वेग ठेवायचा, आधीच्या चाकांच्या खुणांवरून जायचं, स्टिअरिंगशी झगडायचं नाही. ताई शेजारून फक्त "सोडू नकोस, सोडू नकोस" एवढंच म्हणत होती. पुढे चालत डेडव्लेईला गेलो. पांढऱ्या कोरड्या मातीत काही शतकांपूर्वी मेलेली बाभळीच्या जातीची झाडं अजून उभी आहेत. हवा इतकी कोरडी की ती कुजतसुद्धा नाहीत.

परत डांबरावर आल्यावर कॉम्प्रेसरने चारही टायर भरले. याला वेळ लागतो. पण कमी हवेवर डांबरी रस्त्याने वेगात गेलं तर टायर तापून फाटतो, म्हणून हे टाळता येत नाही.

पंक्चर झालं ते सी 14 या रस्त्यावर, किनाऱ्यावरच्या वाल्विस बे शहराकडे जाताना. मकरवृत्ताची पाटी मागे टाकली होती, कुइसेब घाट अजून यायचा होता. गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर मागच्या टायरची बाजूची भिंत बोटभर चिरलेली. फोनला रेंज नाही, सावली नाही. गाडी कडेच्या सपाट जागेवर घेतली, पुढच्या चाकाला दगड लावले. बोल्ट आधी, चाक जमिनीवर असतानाच, सैल केले. जॅक लावला तर खडीत तिरका जायला लागला. तेव्हा ती लाकडी फळी आठवली. फळीवर जॅक ठेवल्यावर गाडी सरळ उचलली गेली. पाना फिरवताना माझा जोर कमी पडत होता, तेव्हा ताईने पान्यावर पाय देऊन अख्खं वजन टाकलं.

तेवढ्यात समोरून एक पिकअप आली आणि थांबली. त्या रस्त्यावर थांबलेली गाडी दिसली की माणसं विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. गृहस्थ बहुधा शेतकरी असावेत. त्यांनी आमच्या हातून पाना घेतला नाही. बाजूला उभे राहून बोल्ट एकाआड एक कसे आवळायचे ते दाखवलं आणि थोडं अंतर गेल्यावर पुन्हा आवळा, असं बजावलं. पाणी आहे ना, हे दोनदा विचारून मगच निघाले. आम्ही पुढे थांबून आवळून पाहिले, तर खरंच दोन बोल्ट थोडे सैल झाले होते.

किनारा जवळ आला तसं धुकं दाटलं. बेंगेला या थंड सागरी प्रवाहामुळे इथं वाळवंटावर धुकं पसरतं आणि रस्ता ओलसर होतो. दिवे लावून, वेग निम्मा करून आम्ही वाल्विस बे गाठलं. टायरच्या दुकानात पहिलं वाक्य ऐकलं, की बाजूची चीर शिवून चालत नाही, नवाच टायर घ्या. दुसरी स्टेपनी शिल्लक होती, पण परतीचा रस्ता लांबचा. त्यामुळे नवा टायर घेतला आणि पावती करारासोबत ठेवली. टायरचा विमा वेगळा घेतलेला असल्यामुळे गाडी परत करताना त्या पावतीचे पैसे मिळाले.