पर्वती, रोज सकाळी

जिमपेक्षा मला पुण्यातली पर्वती टेकडीच मानवली. १०३ दगडी पायऱ्या, चांगल्या रुंद, दम लागतोच. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इथे ती सहज भरतात. चढताना बोलता यावं पण गाता येऊ नये, असा वेग मी धरते. उतरताना मात्र सावकाश, कारण गुडघ्यांवर खरा ताण तेव्हाच येतो.

उत्साह टिकतो तो शेजारच्या काकूंमुळे. पावणेसहाला त्या खालून हाक मारतात, "अगं, येतेस ना?" त्यांना नाही म्हणवत नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा आम्ही दोघी गच्चीखालच्या पडवीत सूर्यनमस्कार घालतो. दिवाळीनंतर आईलाही नेणार आहे, सुरुवातीला निम्म्या पायऱ्यांपर्यंतच.