पन्हाळ्याचा काळा दगड, तांबडा दगड

आज भाचीला घेऊन पन्हाळ्यावर गेलो होतो. "मामा, वर तांबडा दगड आणि खाली काळा, असं का?" तिनं विचारलं आणि तटबंदी बघायची राहूनच गेली.

खालचा काळा तो बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. दगडातली बारीक भोकं म्हणजे तेव्हा अडकलेल्या वायूचे बुडबुडे. वरचा जांभा त्याच बेसाल्टपासून झालेला! लाखो वर्षांच्या पावसानं सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. म्हणून तो तांबडा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, त्यामानानं हे सगळं अलीकडचंच.

कोल्हापूरच्या पोरांना भूगोल या कड्यासमोर उभं करूनच शिकवायला हवा. पुढच्या रविवारी आम्ही जोतिबाचा डोंगर बघणार आहोत.