मागच्या सीटवर मित्र बसले तेव्हा

शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्या दुपारी तो मला करकचून दाबावा लागला, आणि तोही तुकडीतला सगळ्यात चांगला हात असलेल्या मुलामुळे.

अठरा वर्षांचा मुलगा. क्लच असा सोडायचा की गिअर बदलल्याचं जाणवायचं नाही. एकटा असताना आरसेही वेळच्या वेळी बघायचा. त्या दिवशी मी मुद्दाम तुकडीतल्याच त्याच्या दोन मित्रांना मागे बसवलं. परवाना हातात पडल्यावर गाडीत हीच मंडळी असणार. मग ते आधी माझ्यासमोर झालेलं बरं.

मागचे दोघे वावगं काहीच बोलत नव्हते, नुसत्या गप्पा चालल्या होत्या. पण आता याची नजर मधल्या आरशात जायची ती मित्रांचे चेहरे बघायला. काटा चाळीसवरून पन्नासपुढे सरकला, त्याला पत्ता नाही. कडेला ओळीने गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एकीचे ब्रेकचे दिवे नुकतेच विझले होते आणि आत चालक बसलेला दिसत होता. म्हणजे दार उघडणार. माझा पाय ब्रेकवर गेला. "वेग कमी कर," म्हणेपर्यंत दार उघडलं आणि एक पाय रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. पट्टे सगळ्यांच्या छातीत रुतले, गाडी दाराच्या जेमतेम अलीकडे थांबली.

"मॅडम, त्यानं मागं न बघता दार उघडलं!" मुलगा म्हणाला. खरं होतं ते. पण विझलेले दिवे दिसले का, असं विचारल्यावर तिघंही गप्प.

मी गाडी सरळ सरावाच्या मोकळ्या मैदानावर घ्यायला लावली. खडूने रेघ ओढली. रेघेवर मी "थांब" म्हणेन तेव्हा ब्रेक मारायचा. आधी ताशी 20 किलोमीटरने. गाडी थांबली तिथे खूण केली. आता 40 ने कुठे थांबेल, तिथे कोन ठेवायला सांगितलं. तिघांनीही दुप्पट अंतर मोजून कोन ठेवले. गाडी तिन्ही कोन आडवे करून पुढे गेली. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं, हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं होतं. पण आडवा झालेला कोन उचलताना त्या मुलाचा चेहरा उतरला होता. 60 चा हिशेब आम्ही जमिनीवर खडूनेच केला. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी जवळजवळ 17 मीटर जाते. चाळीसची गाडी 20 मीटरवर पूर्ण थांबलेली असते, तिथे साठची गाडी अजून पन्नासच्या वर धावत असते. मुलानं तो आकडा दोनदा करून बघितला.

संध्याकाळी त्याचे वडील न्यायला आले. "हात बसलाय ना त्याचा? मग परीक्षेला पाठवू या."

हात बसलाय, मी म्हटलं. पण परवाना मिळाल्यावर सुरुवातीचे काही महिने मित्रांना घेऊन जायला देऊ नका, रात्री तर नकोच. न्यूझीलंडनं 1987 पासून नव्या चालकांना असाच टप्प्याटप्प्याने मिळणारा परवाना ठेवलाय. वडिलांना ते फारसं रुचलं नाही. एवढा चांगला चालवतो, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मुलगाच मधे बोलला, "बाबा, मी आधी एकटा चालवतो."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या दोघांना मागे बसवणार आहे.