नडगीवरच्या चार रेघा

अश्मीभूत हाडावरच्या रेघा माणसाने मांस कापताना पडल्या की आणखी कशाने, हा प्रश्न पुरातत्त्वीय प्राणिशास्त्रात काम करणाऱ्याला नवा नाही. पण त्या दिवशी तो माझ्यापुढे आला तो अर्धे उत्तर सोबत घेऊनच. गोदावरीच्या एका उपनदीकाठी सर्वेक्षण करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी रानबैलाची, म्हणजे बॉस नमॅडिकसची, नडगी कापसात गुंडाळून प्रयोगशाळेत घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, या चार रेघा बघा. त्याच थरात हत्यारेही मिळाली आहेत."

सरांची आशा निराधार नव्हती. हसमुख सांकलियांनी १९५०च्या दशकात नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी जुन्या पाषाणयुगातील हत्यारे शोधली, आणि त्या परिसरातील नदीथरांतून रानबैलाचे जीवाश्मही मिळाले. माणसाचे स्वतःचे अवशेष मात्र भारतात इतके दुर्मिळ आहेत, की ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनकियांना नर्मदाकाठच्या हथनोरा येथे सापडलेल्या कवटीच्या तुकड्यावर आजही चर्चा चालते. अशा स्थितीत जनावराच्या हाडावर हत्याराची एक खात्रीची खूण मिळाली, तरी माणूस त्या जनावराजवळ पोहोचला होता, एवढे तरी ठामपणे म्हणता येते. म्हणूनच असे दावे मोठे ठरतात आणि वादातही सापडतात. इथिओपियातील दिकिका येथील सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवरील खुणांविषयी २०१० मध्ये झालेला दावा आणि चंदिगडजवळच्या मसोल येथील सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीच्या अशाच खुणांचा दावा, दोन्ही सर्वमान्य झालेले नाहीत.

हाडावर चुन्याचे कवच होते. ते सुईने, सूक्ष्मदर्शकाखाली, कणाकणाने काढताना दोन रेघा कवचाच्या खाली गेलेल्या दिसल्या; म्हणजे त्या कुदळीच्या किंवा ब्रशच्या नव्हत्या, जुन्याच होत्या. सरांनी खुर्ची पुढे ओढली. माझेही हात थोडे जलद चालू लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग मी दिवा आडवा केला. तिरप्या प्रकाशात हाडाचा पृष्ठभाग एकदम वेगळा दिसतो. डोळ्यांना दिसणाऱ्या चार रेघांच्या आजूबाजूला अतिशय बारीक अशा कितीतरी रेघा होत्या, त्या वाटेल त्या दिशेने गेलेल्या होत्या आणि हाडाच्या फुगीर भागावर त्यांची गर्दी होती. दगडी छिलक्याने, म्हणजे दगड फोडून काढलेल्या धारदार कपचीने, मांस सोडवताना रेघा बहुधा स्नायू किंवा स्नायुबंध जिथे चिकटतात तिथे पडतात. येथे तसे काहीच नव्हते. मुख्य रेघांचा तळही रुंद आणि उथळ होता.

तुलनेसाठी मी कपाटातला माझा जुना संच काढला. त्यासाठी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे पाय आणावे लागतात, आणि "नळी तोडू नका, अख्खी द्या" असे सांगितले, की दुकानदार आपल्याकडे संशयाने पाहतो. काही हाडांवरचे मांस कॅल्सेडनी या कठीण दगडाच्या ताज्या छिलक्याने सोडवलेले होते, तर काही हाडे वाळूगोट्यांत पुरून त्यांवरून गुरे चालवलेली होती. छिलक्याची रेघ इंग्रजी 'व्ही'सारखी अरुंद पडते आणि तिच्या आत बारीक समांतर ओरखडे असतात. आमच्या नडगीवरच्या रेघा खुरांखालच्या हाडांशी जुळत होत्या.

हे सरांना सांगणे सोपे नव्हते. ते म्हणाले, "पण हत्यारे त्याच थरात आहेत ना?" थर वाळूगोट्यांचा असेल, तर पूर वेगवेगळ्या ठिकाणचे आणि काळाचे सामान एकत्र आणून टाकतो, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. त्यामुळे मी वाद घातला नाही, हाड उलटे करून भिंगाखाली ठेवले.

खालच्या टोकाशी, चुन्यातून अर्धवट बाहेर आलेले, लांबट खळगे होते, आणि त्यांतल्या दोन खळग्यांत प्रत्येकी मधोमध चिरेसारखी रेघ गेलेली होती. तरसाच्या दातांचे खळगे असे नसतात; शिवाय तरस हाडाचे टोक कुरतडून खातो, आणि हे टोक शाबूत होते. मगरीच्या सुळक्यासारख्या दातावर पुढे-मागे धार असते. त्यामुळे दात रुतला, की खळग्याच्या मध्यावरून अशी चीर उमटते, आणि मगर चावत बसत नसल्याने हाड बहुतांशी तसेच राहते. रानबैल पाण्यावर आला असताना धरला गेला की मेल्यावर ओढला गेला, हे एका हाडावरून सांगता येत नाही. पण मगर तिथे होती, आणि तिला पुरेल एवढे पाणीही होते.

सर बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. नंतर त्यांनी विचारले, "खळग्यांची मापे घेता येतील?" आम्ही ती संध्याकाळपर्यंत घेतली. नोंदवहीत कापल्याच्या खुणांच्या रकान्यात 'नाही' लिहिले आणि मांसभक्षकांच्या रकान्यात 'मगर, बहुधा' असे. पुढच्या हंगामात त्यांनी गोट्यांच्या थराचा नाद सोडून त्यावरचा बारीक गाळ चाळायला घेतला, आणि हाड जागेवरून उचलण्याआधी मला बोलावण्याचे ठरवले.