परीक्षेला सगळे एकत्र

डेन्मार्कला शिकायला आल्यापासून घरचे, मित्र सगळे एकच विचारतात: तिकडे कंपन्यांना लागतं तेच शिकवतात का? खरं सांगू, पुस्तकं आणि सॉफ्टवेअर जवळजवळ तीच आहेत. फरक आहे तो परीक्षेत.

मी ऑल्बोर्ग विद्यापीठात आहे. 1974 साली ते सुरू झालं तेव्हापासून इथे गटानं प्रोजेक्ट करूनच शिकतात. सेमिस्टरच्या 30 क्रेडिटपैकी साधारण 15 एकट्या प्रोजेक्टला. विषय बऱ्याचदा कंपनीकडून येतो, तोही अर्धामुर्धा. आम्हाला आलेला असा: घरं उबदार ठेवायला शहरभर गरम पाणी पुरवणाऱ्या पाइपलाइनमधून काही घरांचं पाणी परत येताना हवं तेवढं थंड झालेलं नसतं, काय करता येईल बघा. बस, एवढंच. आम्ही लगेच सिम्युलेशनला बसणार, तेवढ्यात गाइडनं विचारलं, "हा प्रश्न नक्की कोणाचा? कंपनीचा की घरमालकाचा?" घर उबदार असलं की घरमालकाला परतीच्या पाण्याचं काय पडलंय! मग प्लंबरला गाठा, मीटरचे आकडे मागा, यातच बरेच आठवडे गेले. नोकरीच्या जाहिरातीतल्या 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग'मधला अवघड भाग हाच: मुळात प्रश्न काय आहे ते ठरवणं. आपल्याकडे तो पेपर काढणाराच उरकून टाकतो.

परीक्षेला अख्खा गट एकत्र बसतो. आधी प्रेझेंटेशन, मग प्रश्न, आणि गुण ज्याचे त्याला. (पट्टी उणे 3 पासून 12 पर्यंत. हो, उणेसुद्धा!) आकडेवारीचं सगळं कोडिंग गटातल्या एका मुलीनं केलेलं, पण बाहेरून आलेल्या परीक्षकानं विचारलं मला, "हे मधले आकडे का वगळलेत?" उत्तर तोंडावर होतं, कारण त्यावरूनच आमचं कडाक्याचं भांडण झालेलं.

गुण ज्याच्या त्याच्या कामाचेच मिळावेत म्हणून 2006 मध्ये सरकारनं अशा सामूहिक परीक्षा बंद केल्या होत्या. काही वर्षांनी त्या परत आल्या. फुकटे इथेही असतात, पण असे आडवे प्रश्न आले की उघडे पडतात.

आठवड्याला एक 'सॉफ्ट स्किल'चा तास, यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. अर्थात प्रत्येक गटाला वेळ देणारा गाइड ही चैन सगळ्या कॉलेजांना झेपणार नाही. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर चौघांची नावं असतातच. पुढच्या व्हायवाला पहिल्याला तिसऱ्यानं लिहिलेलं प्रकरण विचारून बघा. त्याला अभ्यास मंडळाची मंजुरी लागत नाही.