मळवायचं काम

रविवार, १६ फेब्रुवारी. रात्री साडेअकरा

आज चिलखताला पहिल्यांदा माती लागली आणि आजच ती धुऊनही टाकली. बाथरूमचा नळ अजून लालसर आहे.

अकरा महिने या सँडट्रूपरच्या मागे आहे, त्याचं चिलखत हुबेहूब बनवतोय. १९७७च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये दोन यंत्रमानवांना हुडकत वाळवंटात उतरलेली शिपायांची तुकडी आहे, त्यातला एक. बाकीचे स्टॉर्मट्रूपर परीटघडीतून काढल्यासारखे पांढरे. हे मात्र धुळीनं माखलेले, उजव्या खांद्यावर नारिंगी पट्टा आणि पाठीवर बोजा. अंगावर घालून मिरवायचा विचार नाही. हॉलच्या कोपऱ्यात पुतळ्यावर उभा करायचा, पण पडद्यावर दिसतो तसाच.

‘तसाच’ या शब्दानं फार छळलं. मूळ चिलखतं मूर्तीसारखी कोरून काढलेली नव्हती. तापवलेलं प्लास्टिक साच्यावर ओढून, घाईत बनवलेली. शिरस्त्राणाच्या गालांवरच्या निळ्या रेघा तर हातानं मारलेल्या, दोन शिरस्त्राणांच्या रेघा एकसारख्या निघत नाहीत. मी चिकटपट्टी लावून सुबक मारल्या होत्या, त्या खरवडून बारीक ब्रशनं पुन्हा काढल्या. मुद्दाम वाकडं काढायला गेलं की रेघ खोटी दिसते. शेवटी सकाळी कामावर निघायच्या गडबडीत मारल्या, त्या बऱ्या आल्या.

आता मळवणं. दिवाळीत मावशीकडून, कुडाळहून, पिशवीभर माती आणली होती, तीच पाण्यात कालवून फासली. वाळल्यावर दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर हा शिपाई परग्रहावरून आलेला वाटेचना. सावंतवाडी स्टँडवर लाल डब्यातून उतरलाय, असं वाटलं. त्या दृश्यांचं चित्रीकरण १९७६ साली ट्युनिशियात झालं. तिथली धूळ फिकट, पिठासारखी. जांभ्याचं तिथे काय काम?

बाबा दारात उभं राहून पाहत होते. ते एकतीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये रंगारी होते. म्हणाले, “रंगाचं सोड. तू सगळीकडे सारखंच फासलंयस. गाडी कधी अशी मळते का?”

बुधवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळपासून ढोल. दूध आणायला गेलो तर चौकात बंदोबस्त, आणि एका हवालदाराच्या खांद्याला कार्बाइन. मी पिशवी हातात धरून बघतच राहिलो. स्टॉर्मट्रूपरच्या हातातली बंदूक म्हणजे मुळात स्टर्लिंग नावाची ब्रिटिश कार्बाइन. तिचीच आवृत्ती आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात परवान्यानं बनायची. सिनेमावाल्यांनी तिचं मॅगझिन आखूड केलं, वर दुर्बीण बसवली, बाजूला आकडे मोजायचं एक छोटं यंत्र चिकटवलं, आणि झालं भविष्यातलं शस्त्र. माझी पीव्हीसी पाइपची आहे. नळीवरची भोकं नीट मोजायची होती, पण हवालदारसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मुकाट दूध घेऊन घरी आलो.

दुपारी बाबांनी खाली नेलं. समोर भाजीवाल्याचा पांढरा पिकअप उभा असतो. “वाच,” म्हणाले. आधी कळलंच नाही. मग बोटानं दाखवत गेले. चाकामागे चिखल उडतो तो मागच्या बाजूला तिरका, पुढे नाही. टपावर आणि बॉनेटवर कोरडी धूळ, आडव्या जागी जाड, उभ्या पत्र्यावर नुसती पुसट. पाऊस पडला की तीच धूळ ओघळते, म्हणून खिडकीखाली रेघा. आणि दाराच्या मुठीपाशी ना धूळ ना चिखल, तिथे हाताचा काळा तेलकट मळ.

“हे तीन वेगळे मळ आहेत. तू तिघांची एक आमटी केलीस.”

एसटीत असताना हे सगळं घालवणं हेच त्यांचं काम होतं. इतक्या बारकाईनं त्यांनी ते पाहिलेलं असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

हात दुखतायत, तरी लिहून ठेवतो.

चिलखताच्या गुळगुळीत एबीएस प्लास्टिकवर पाण्यातला रंग थेंब थेंब होऊन घसरतो. म्हणून आधी सगळं भांड्यांच्या हिरव्या घासणीनं घासलं, कडांना वॉटरपेपर. मग काळा आणि गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक पातळ करून, एका वेळी तळहाताएवढीच जागा. लावायचा, पाण्याचा फवारा मारायचा, जुन्या बनियनच्या चिंधीनं वरून खाली पुसायचा. खाचांत राहतो तेवढाच ठेवायचा. पट्टा, मांडीचा वरचा काठ, शिरस्त्राण काढताना हात लागतो ती कड: तिथे काळं जास्त. डाव्या नडगीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची जादा पट्टी असते. नेम धरताना शिपाई तोच गुडघा टेकतो, म्हणून तिथे ओरखडे.

धुळीसाठी अखेर मुलतानी माती. वाण्याकडे सहज मिळाली. पुढे वाचताना कळलं की सिनेमावाले कपडे मळवायला हीच जात वापरतात, तेव्हा उगाचच मोठं काही शोधल्यासारखं वाटलं. कोरड्या ब्रशनं खांद्यांवर, पायांच्या पंजांवर, छातीच्या वरच्या उतारावर. एक फसगत झाली. वर मॅट लॅकर मारला की अर्धी धूळ दिसेनाशीच होते. म्हणून धूळ, लॅकर, पुन्हा धूळ, असं तीनदा.

पुतळा जुन्या बाजारातला, शर्टाच्या दुकानातून निवृत्त झालेला. त्याला खांदे आहेत, पार्श्वभाग नाही. कमरेखाली जुनी उशी बांधलीय. पडदाही ओढून ठेवलाय, कारण उन्हात एबीएस पिवळं पडतं आणि ते पिवळं काही पडद्यावरचं नव्हे.

संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून समोर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग: “पुढून बरा आहे. पाठ कोरी आहे. हा गडी वाळवंटात टेकला नाही कुठे?”

खरंच, पाठीवरचा बोजा राहिलाच होता. मूळ बोजाही असाच जोडाजोडीचा, त्यात बागेतला रोपांचा ट्रेसुद्धा होता. माझा नर्सरीतून आणलेला, अजून दुकानाचा वास येणारा. म्हटलं, गच्चीवर ठेवतो दोन दिवस, समोरची इमारत पाडतायत, धूळ आपोआप बसेल.

बाबांनी मान हलवली. “ती सिमेंटची. करडी.” आणि मुलतानी मातीची पुडी माझ्याकडे सरकवली.