पुठ्ठ्यातलं बेल्व्हेडेअर: छप्पर सुटंच ठेवतोय

व्हिएन्नाच्या वरच्या बेल्व्हेडेअर महालाच्या माझ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलच्या बाहेरच्या भिंती उभ्या राहिल्या. प्रमाण १:२५०. भिंतींना माउंटबोर्ड (जाड, कडक पुठ्ठा), कोपऱ्यांवरच्या चार अष्टकोनी दालनांना पातळ कार्डशीट. घुमटांच्या पाकळ्या कापून झाल्यात, हिरवा रंग वाळतोय.

आता खरा प्रश्न: आत कोणतं साल दाखवायचं? वास्तुकार हिल्डेब्रांटने हा महाल ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स यूजीनसाठी बांधला, १७२३ पर्यंत. बाहेरून तो फारसा बदललेला नाही, पण आतला संसार किती वेळा मोडला! यूजीन १७३६ मध्ये वारला, पुतणीने १७५२ मध्ये महाल ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिला विकला. मग बादशाही चित्रसंग्रह इथे आला आणि १७८१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. मांडणी करणाऱ्या मेखेलने चित्रं शैली आणि काळानुसार लावली होती. तेव्हा ही नवलाईच. संग्रह १८९१ मध्ये नव्या संग्रहालयात हलला आणि महालात पुन्हा माणूस राहायला आला: युवराज फ्रान्त्स फर्डिनांड, साराएव्होत मारला गेला तोच.

म्हणून छप्पर चिकटवत नाही. आतल्या खोल्या ट्रेसारख्या सरकवून बदलता येतील. पहिला ट्रे १७८१ चा. भिंतभर चित्रं लावायची तर नखाएवढ्या चौकटी छापाव्या लागतील, पण त्यातच मजा आहे. दुसरा १५ मे १९५५ चा: संगमरवरी दालनात ऑस्ट्रियाला पुन्हा स्वतंत्र करणाऱ्या राज्यकराराचं टेबल. सही झालेला करार परराष्ट्रमंत्री फिगलने सज्जातून बागेतल्या गर्दीला दाखवला, त्यामुळे तो सज्जा कोरण्यात आळस चालणार नाही. चित्रकार क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र आता इथे आहे, तो आजचा ट्रे सगळे मागतील, म्हणून तो शेवटी.

खालचं साला तेरेना (तळमजल्यावरचं बागेलगतचं दालन) मात्र ट्रेमध्ये बसत नाही. १७३२-३३ च्या हिवाळ्यात तिथलं छत कोसळायच्या बेतात आलं, तेव्हा कमानदार छत घालून ते चार अ‍ॅटलस-मूर्तींच्या (ग्रीक कथेतल्या आकाश पेलणाऱ्याच्या) खांद्यावर पेललं. आज जे शोभेचं वाटतं ते मुळात टेकू होते! १:२५० ला चेहरे काढणं व्यर्थ. वाकलेली पाठ दिसली की पुरे. एपॉक्सी पुट्टीचे दोन आकार झालेत, दोन बाकी. कोणी पुट्टीऐवजी पातळ तारेवर टिश्यू गुंडाळून मूर्ती केल्या असतील, तर गोंद किती पातळ ठेवलात ते सांगा.